चित्रातलं वावर

नूतन चौधरीच्या चित्रासमोर आलेला माणूस आधी चित्र बघत नाही, आधी बोट लावतो. मग बोटाला काय लागलं ते बघतो. मग विचारतो, "ही खरीच माती आहे का हो?" खरीच आहे म्हटलं की त्याचं समाधान होतं आणि तो शेजारच्या गणपतीच्या चित्राकडे सरकतो. इतकी वर्षं झाली, हाच खाक्या. नूतनने 'हात लावू नये' अशी पाटी लावून पाहिली, दोरी बांधून पाहिली, एकदा तर चित्राशेजारी खुर्ची टाकून स्वतःच राखणीला बसली. तर एका गृहस्थांनी तिच्या देखत कडेची पट्टी नखाने उचकटली आणि वर म्हणाले, "नीट चिकटलं नाही बघा हे." अरे बाबा, नीटच चिकटलं होतं, तू उचकटलंस म्हणून निघालं! पण असं पाहुण्याच्या तोंडावर कसं म्हणायचं? ती "हो का" म्हणाली आणि घरी येऊन भांडी आपटली.

चित्रं तरी कसली? ते समजावताना तिचाच घसा सुकतो. ती नकाशे घेते. गावनकाशे, शिवाराचे नकाशे, नदीचे, जुन्या भूगोलाच्या पुस्तकांतले, मिळतील ते. ते मांजरपाटावर डकवते. मग नकाशातल्या जागी स्वतः जाते, तिथली माती, वाळू, साली, सरकी, पाखरांची पिसं असं हाताला लागेल ते गोळा करते आणि ज्या जागेचं त्या जागेवर बसवते. केळीच्या खोडाचे पापुद्रे वाळले की त्यांना सोपट म्हणतात. ते चिरून ती बांध करते, पाट करते. नदी कापसाच्या सुताची आणि सातपुडा कडुनिंबाच्या सालीचा. तिचं म्हणणं एवढंच, की नकाशा हा मोठा खोटारडा कागद असतो. तो रेघ दाखवतो आणि माती लपवतो. आता ह्यात न कळण्यासारखं काय आहे? पण नाही कळत लोकांना. एकदा एक माणूस तिच्या तापीच्या चित्रासमोर खूप वेळ वाकून उभा राहिला. नूतनला वाटलं, चला, एक तरी भेटला. त्याने मान वर केली आणि विचारलं, "मॅडम, नवा हायवे कुठून जाणार ते ह्यात दाखवलंय का? आमचा प्लॉट आहे तिकडे."

ती राहते धुळ्याला, देवपुरात. तिथल्याच एका शाळेत चित्रकलेची बाई आहे. शाळेत बाईंच्या कलेला मोठा मान. पाहुणे येणार असले की दारात रांगोळी बाईंनी काढायची. फळ्यावर सुविचार बाईंनी लिहायचा. स्नेहसंमेलनाचा पडदा बाईंनी रंगवायचा, आणि त्यावर डोंगर, सूर्य अन् झोपडीच पाहिजे. "बाई, तुमच्या हातात कला आहे," असं हेडमास्तर म्हणतात आणि त्या हातात खडू देतात. स्टाफरूममधल्या मैत्रिणी भल्या मनाने सल्ला देतात, "अगं वारली काढ ना, वारली खपतं." घरी नवरा, भूपेंद्र, पतपेढीत नोकरीला. माणूस देवासारखा, पण संध्याकाळी चपला काढता काढता विचारतो, "काय, वाळला का तुझा चिखल?" आणि शेजारच्या लिलाबाई गच्चीवर पापड घालायला आल्या की मातीने भरलेल्या, ओळीने मांडलेल्या बरण्या बघून कपाळाला हात लावतात. "बाई, हाई काय शे? बठ्ठी गच्चीवर मातीच माती!" लिलाबाईंचा तिला राग येत नाही. त्यांनी निदान बोट तरी लावलं नाही कधी.

हे खूळ तिच्या डोक्यात घातलं तिच्या वडिलांनी. नूतन मूळची फैजपूरची, केळीच्या पट्ट्यातली. वडील जीवराम, त्यांना सगळे नाना म्हणायचे. नाना शेताच्या बांधावर बसायचे आणि तुरीच्या काडीने धुळीत वावर काढायचे. ही विहीर. हा कडुनिंब. हा पाट. "सांग नूतन, विहिरीचं पानी सोडलं तर आधी कोनच्या केळीले पोचंन?" नूतन बोटाने वाट दाखवायची आणि ती बरोबर असायची. नाना म्हणायचे, "पोरीच्या डोक्यात वावर बसलं!" धाकटा भाऊ योगराज तेव्हा रांगत होता. तो तुरुतुरु यायचा आणि धुळीवर पंजा फिरवून सगळं वावर पुसून टाकायचा. नूतन त्याचं मनगट धरून ओरडायची, "हात काढ!" नाना हसायचे आणि नवीन वावर काढायचे. पुढे मुलीने धुळ्याला चित्रकलेची पदविका करायची ठरवली तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली. नाना म्हणाले, जाऊ द्या तिला. त्या एका वाक्यावर नूतनचं आयुष्य उभं आहे, हे ती कोणाला सांगत नाही, पण आहे.

नाना जाऊन दोन पावसाळे झाले. आणि या वर्षी चैत्रात, कधी नव्हे ते, नूतनच्या मनासारखी गोष्ट घडली. जळगावच्या एका कलादालनाने खानदेशातल्या चित्रकारांचं प्रदर्शन ठरवलं आणि आत शिरल्यावर समोर येणारी अख्खी भिंत नूतनच्या एकाच चित्राला दिली. गणपती शेजारी नाही, वारली शेजारी नाही. एकटं तिचं चित्र! फैजपूरच्या शिवाराचं ते चित्र, दोन दारं शेजारी शेजारी ठेवावीत एवढं मोठं. सगळं झालं होतं. मधोमध तळहाताएवढी जागा तेवढी कोरी होती, ती नानांच्या वावराची. इतकी वर्षं ती ज्याच्यामागे धावली ते सगळं त्या तळहातात यायचं होतं. नाना गेल्यावर त्या वावरात पाय ठेवायचा तिला धीर झाला नव्हता, म्हणून ते शेवटी ठेवलेलं. आता तिथली माती पाहिजे, तिथली सोपटं पाहिजेत आणि गटाचा नकाशा पाहिजे. दुसरीकडची माती लावली असती तरी बघणाऱ्याला काय डोंबल कळणार होतं? पण मग नूतनमध्ये आणि त्या खोटारड्या कागदात फरक तो काय राहिला?

तिने योगराजला फोन केला. नाना गेल्यापासून शेती तोच बघतो. केळी उत्तम काढतो, ठिबक टाकलंय, गावात मान आहे.

"योगराज, आपल्या गटाचा नकाशा असेल बघ नानांच्या ट्रंकेत. फोटो काढून पाठव ना."

"कायले पाहिजे, अक्का?"

"चित्रात लावायचाय."

"चित्रात?"

"हो रे."

"बरं. पाहतो."

काही पाहिलं नाही त्याने. दुसऱ्या वेळी फोन केला तर भावजय ज्योत्स्ना बोलली, हे वावरात गेले आहेत. तिसऱ्या वेळीही वावरातच. हा माणूस वावरात झोपायला लागला की काय? नूतन चिडली. चिडली की ती तडक निघते. एका शुक्रवारी रजा टाकून ती बसने तालुक्याच्या कचेरीत गेली आणि नकाशाची नक्कल काढून घेतली. दारातच गावचे तोतारामकाका भेटले. ह्यांचं वावर नानांच्या बांधाला लागून.

"काय नूतन, इकडे कुठी?"

"आमच्या वावराचा नकाशा घ्यायला आले होते, काका," नूतन भाबडेपणाने म्हणाली. वर नक्कल उघडून दाखवली. "हे बघा, इथे तुमचा बांध."

तोतारामकाकांनी बांध पाहिला, नूतनकडे पाहिलं आणि घाईघाईने "येतो मी" म्हणाले. नूतनची बस जळगावला पोचायच्या आत बातमी फैजपुरात पोचली असणार.

कारण आमच्याकडे माहेरवाशिणीने बापाच्या वावराचा नकाशा मागितला, की त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो अर्थ चित्रकलेच्या पुस्तकात नाही. नाना गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून तीन नावं लागली होती, आई सुनंदाबाई, योगराज आणि नूतन. लेकी पुढेमागे हक्कसोडीवर सही करून आपलं नाव काढून घेतात, तशी रीतच आहे. योगराजला विचारायला संकोच वाटला म्हणून ते राहून गेलं होतं, आणि नूतन तर साफ विसरूनच गेली होती. त्यात गेल्या वर्षी गावातल्याच उखर्डूआबांच्या घरात नेमकं हेच झालेलं. बहीण नकाशा घेऊन आली, मोजणी आली, वावरात दगड रोवले गेले आणि भाऊबहिणींचं बोलणं बंद. हे सगळं नूतनला ठाऊक होतं. पण स्वतःचा आणि त्याचा काही संबंध असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. आता ह्याला भोळेपणा म्हणावं की मूर्खपणा? भूपेंद्र नंतर म्हणाला, दोन्ही.

आखाजी आली. अक्षय्य तृतीया म्हणतात ती, पण आमच्याकडे आखाजीच. सासरच्या लेकींनी माहेरी जायचा सण. नूतन पिशव्या घेऊन गेली, म्हणजे मातीसाठी रिकाम्या पिशव्या घेऊन. घरात नानांच्या नावाची घागर पुजली होती. आमच्याकडे ती घागर चार ढेकळांवर ठेवतात. ढेकळं आपल्याच वावरातली. एकेक ढेकूळ पावसाच्या एकेका महिन्याचं. घागरीचं पाणी पाझरून जे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं, त्याचा गोड वास घरभर. नूतनने नमस्कार केला आणि तिला भरून आलं. पण मागे वळली तर कोणी तिच्या नजरेला नजर देईना. ज्योत्स्नाने पुरणपोळी वाढली, आमरस वाढला, "घ्या ना अक्का, घ्या ना" करून आग्रह केला, आणि तो आग्रह पाहुण्याला करतात तसा होता. घरच्या माणसाला आमच्याकडे आग्रह करत नाहीत, शिव्या देतात. ओसरीवर तोतारामकाका आणि उखर्डूआबा जेवायला आलेले. आखाजीच्या दिवशी आपापलं घर सोडून हे इथे का, असं नूतनच्या मनात येऊन गेलं.

हात धुतल्यावर आबांनी घसा खाकरला. "नूतन, इकडे ये माय. तू आमचीच पोर हायेस. वावराबद्दल तुह्या मनात काय हाये ते आज चार मानसांत सांगून टाक."

नूतनला काय आनंद झाला! तिला वाटलं, योगराजने चित्राचं सांगितलं, म्हणून म्हातारे कौतुकाने विचारताहेत. ती म्हणाली, "आबा, जास्त काही नाही. पिशवीभर माती पाहिजे. अन् विहिरीजवळच्या खोडांची थोडी सोपटं. चित्रासाठी."

मग तोतारामकाका हसले. "ताकाले जाऊन भांडं कायले लपवतं बाई?"

"म्हणजे?"

"म्हंजे मातीसाठी कोनी धुळ्याहून येतं का? सरळ बोल ना."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. कानशिलं तापली. तिने फोन काढला, चित्राचा फोटो उघडला आणि आबांच्या हातात दिला. "हे बघा. हे चित्र. जळगावला लागणार आहे." आबांनी फोन हात लांब करून धरला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला आणि मान डोलावली. "नकाशा झकास हाये. हा आमचा बांध, हा नाला. मोजनीवाल्यानं करून देला का?"

आता ह्यावर माणसाने हसावं की भिंतीवर डोकं आपटावं?

योगराज आतून एक कागद घेऊन आला. टाईप केलेला, तयार. खाली मान घालून म्हणाला, "अक्का, वाईट वाटून घेऊ नको. पन नकाशे काढनं, कचेरीत जानं, हे असं मागून मागून नको. तुले हिस्सा पाहिजे असंन तर तसं सांग. नसंन पाहिजे तर ही हक्कसोड हाये, हिच्यावर सही कर. मंग काही प्रश्नच नाई."

जमिनीचं नूतनला काही नव्हतं. खरंच नव्हतं. फोनवर एक शब्द टाकला असता तरी ती पेन घेऊन आली असती. तिच्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. ती ओरडलीच. "अरे, चित्र आहे रे ते! चित्र! मी चित्रं काढते! जन्म गेला माझा त्यात. अक्का खरं बोलत असेल असं तुला एकदाही वाटलं नाही?"

योगराजने वर पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता, कावाही करत नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता. "चित्रासाठी कोनी कचेरीत जातं का, अक्का?"

झालं! बहीण आपलं वावर गिळेल यावर त्याचा विश्वास बसला होता. बहीण चित्र काढते यावर बसत नव्हता. परक्यांनी बोटं लावली, टोमणे मारले, ते सगळं तिने गिळलं होतं. पण हा तर नानांच्या धुळीतल्या वावरावर रांगलेला.

"सही करते," नूतन म्हणाली. "पण इथे नाही. चित्र जळगावला भिंतीवर लागलं की ये. त्याच्यासमोर उभा राहा आणि माझ्या तोंडावर सांग, की अक्का, हे खोटं आहे. तिथे सही करते. मग रजिस्ट्रारच्या कचेरीतही येते."

"मीबी येतो साक्षीले," तोतारामकाका म्हणाले.

"या ना. अख्खं गाव घेऊन या!"

ती पिशव्या उचलून निघाली. रिकाम्याच. आई घागरीपाशी बसली होती. सुनंदाबाई जन्मात कोणाला उलट बोलल्या नाहीत, नवऱ्याला नाही आणि मुलाला तर नाहीच. त्यांनी नूतनचा हात धरून खाली बसवलं. "सही करून दे माय. माह्या जिवंतपनी घर तुटू नको देऊ." मग सुनंदाबाईंनी घागर बाजूला केली, खालची चारही ढेकळं एकेक करून उचलली आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली. "विहिरीजवळची हायेत. मीच आनली व्हती सकाळी." गाठोडं लेकीच्या पिशवीत घालता घालता पुटपुटल्या, "श्रावनाचं कोरडं राह्यलं यंदा."

बसमध्ये नूतन ते गाठोडं मांडीवर घेऊन रडली. भूपेंद्रला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "मग दे ना सही करून. आपल्याला कुठे केळी लावायचीत?"

"विषय तो नाहीच आहे!"

"मग कोणता आहे?"

"तो मला माणूस समजत नाही, हा!" असं म्हणून ती गच्चीवर गेली, ती बराच वेळ खाली आलीच नाही.

ढेकळं तिने वेगवेगळी कुटली. भिजलेल्यांची माती काळीभोर, श्रावणाची फिकट. ती तशीच, वेगवेगळी लावली. सोपटं मिळाली नव्हती, म्हणून फैजपूरची मागच्या खेपेची शिल्लक होती ती चिरली. नकाशाची नक्कल डकवली आणि तिच्यावर, नकलेत मुळीच नसलेला नानांचा पाट बसवला, विहिरीतून निघून कडुनिंबाला वळसा घालून जाणारा. हात आपोआप चालत होता. असं काम तिच्या हातून आधी झालं नव्हतं, हे तिला कळलं, आणि त्याचा आनंद होण्याऐवजी तिला योगराजचा आणखीच राग आला.

जळगावला उद्घाटन झालं. समोरची भिंत, वर दिवे, खाली दोरी, पाटी आणि राखणीला एक शिपाई. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात तिचं नाव घेतलं. म्हणाले, नूतनताईंनी केळीच्या कचऱ्यातून किती सुंदर टाकाऊतून टिकाऊ वस्तू बनवली आहे पाहा! टाळ्या पडल्या. नूतन हात जोडून हसली. हसताना तिचे दात एकमेकांवर घट्ट आवळलेले होते.

योगराज दोन दिवसांनी दुपारी आला. पांढरा शर्ट, खिशात घडी घातलेला तो कागद, मागे तोतारामकाका. दालनाच्या दाराशी योगराजने चपला काढल्या. शिपाई म्हणाला, असू द्या चपला. त्याला ऐकू आलं नसावं, कारण त्याची नजर समोर गेली होती.

नूतन खुर्चीवरून उठली, पण पुढे झाली नाही. मनात म्हणाली, बोल आता. म्हण खोटं आहे.

योगराज चालत चित्राजवळ गेला. कडेला सातपुडा, तिकडे तो बघेना. नाला ओलांडला, गावठाण ओलांडलं, डोळे सरळ मधोमध येऊन थांबले. तोतारामकाकांनीही आपली जागा शोधली आणि लगेच सुरू झाले. "हे काय? कडुनिंब तुमच्या अंगाले दाखवला? बांधावर हाये तो! अर्धा माह्या इकडे हाये!" योगराजने ऐकलं नाही. तो आणखी वाकला. दोरीच्या वरून हात गेला. नानांच्या पाटावर त्याने बोट ठेवलं, विहिरीपासून हळूहळू वळणावर नेलं, आणि शेतकरी करतो तसं, श्रावणाच्या फिकट मातीची चिमूट अंगठा अन् बोटात धरून चुरली.

"ओ भाऊ!" शिपाई धावला. "हात लावू नका! हात काढा आधी!"

योगराज दचकला. त्याने हात काढला नाही. शिपायाकडे वळून तो भर दालनात ओरडला, "अरे, माह्यं वावर हाये हे!"

सगळे वळून बघायला लागले. योगराजच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. त्याचा चेहरा पडला. बोट तसंच पाटावर.

नूतन पुढे आली. तिने त्याचं मनगट धरलं, धुळीत धरायची तसंच. "वावर तुझं, योगराज. कागद दे, सही करते. पण हे चित्र माझं आहे. हात काढ."

त्याने हात काढला. दोन बोटांवर माती होती, ती त्याने पुसली नाही. "हा पाट आता नाई, अक्का," तो हळू आवाजात म्हणाला. "ठिबक टाकलं तेव्हा मीच बुजवला. तुले कसा आठवला?"

"सही, सही," तोतारामकाका म्हणाले.

"राहू द्या काका." योगराजने खिशावर हात ठेवला. "काही घाई नाई. नाव राहू दे अक्काचं."

आणि नूतनचा भडका उडाला. "आता राहू दे? आता? सही नाही केली तर हे चित्र जन्मभर खोटं ठरेल, कळतंय का तुला? गावात म्हणतील, काढलं चित्र अन् मिळवला हिस्सा. दे तो कागद!" तिने त्याच्या खिशातून कागद ओढून घेतला, तोतारामकाकांच्या खिशातलं पेन ओढून घेतलं, अभिप्रायाच्या टेबलावर कागद ठेवला आणि सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटता फाटता राहिला. मग कागद योगराजच्या हातात कोंबला. "घे. आता बघ. आता तरी बघ नुसतं चित्र म्हणून."

तोतारामकाका बसची वेळ झाली म्हणून कुरकुरत दाराकडे गेले. योगराज गेला नाही. तो परत चित्रासमोर जाऊन उभा राहिला, या वेळी दोन्ही हात पाठीमागे बांधून. आधी सातपुडा बघितला, मग तापी, मग नाला, मग एकेक वावर, लोकांची सगळी वावरं. मध्येच बोट पुढे यायला बघायचं आणि तो ते दुसऱ्या हाताने मागे ओढायचा. नूतन खुर्चीत बसून ते बघत राहिली. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.